तळाशी बसलेलं लोह

वर्तमानपत्रातल्या फोटोत चान्थू नव्हती. कुन्थिया होती, तिच्या एका बाजूला प्रांताचे आरोग्य अधिकारी होते, दुसऱ्या बाजूला लोहाची भुकटी पुरवणाऱ्या औषध कंपनीचे साहेब, आणि मागे पिंपांची रांग. चान्थूनं तो कागद उजेडाला धरून तीनदा पाहिला. डावीकडून चौथ्या पिंपाची वेताची कडी तिनं गेल्या उन्हाळ्यात स्वतः बदलली होती. पिंप ओळखू येत होतं. त्या पिंपात पस्तीस वर्षं मांदेली आणि मीठ भरणारी बाई मात्र फोटोच्या बाहेर, पाच पावलांवर, हातात ओला खराटा घेऊन उभी होती. फोटोवालाच तिला म्हणाला होता, "तुम्ही जरा बाजूला व्हा हं."

"खाली काय लिहिलंय?" तिनं मुलीला विचारलं. चान्थूला वाचता येत नसे.

मकरानं वाचलं, "वडिलांचा वारसा पुढे नेणारी कन्या."

"कुठली कन्या?"

"एकच लिहिलीय, आई."

चान्थूनं कागदाची घडी घातली, त्यावर ओलं मीठ पसरलं आणि मीठ चाळायला बसली.

कांपोतच्या खाडीकाठचं हे आवार त्यांच्या वडिलांचं. पोल पोटच्या छावणीतून घरातले तिघंच परत आले होते: वडील, सतरा वर्षांची चान्थू आणि आठ वर्षांचा बोरिन. वडिलांनी कुठूनतरी दोन पिंपं मिळवली आणि तुकत्रेय करायला घेतलं. मासे आणि मीठ वर्षभर मुरवून निघणारं ते तांबूस, उग्र पाणी, ज्याच्याशिवाय इथे कुणाचा भात घशाखाली उतरत नाही. मग वडिलांनी दुसरं लग्न केलं आणि कुन्थिया झाली. चान्थूच्या वाट्याला पिंपं आली, कुन्थियाच्या वाट्याला शाळा. कुन्थिया राजधानीत शिकली, तिथेच व्यापारात पडली, आणि वडील गेल्यावर चार वर्षांपूर्वी परत येऊन तिनं आवाराच्या मागच्या अंगाला पत्र्याची मोठी शेड उभी केली. चान्थूच्या आणि शेजारपाजारच्या पिंपांतला माल त्या शेडमध्ये एकत्र होई, बाटल्यांत भरला जाई. बाटलीवर नाव असे 'कुन्थिया'.

सरकारी योजना आली ती मकरामुळे. ती आरोग्य कार्यालयात पोषणाचं काम बघे. शाळाशाळांतून हिंडून तिनं कार्यालयाला पटवलं होतं की मुलांच्या अंगात रक्त नाही. रांगेत उभी राहिली की बसतात, फळ्याकडे बघता बघता डुलक्या घेतात. गोळ्या दिल्या तर थुंकून टाकतात. पण शाळेत सकाळचा भात मिळतो, आणि त्या भातावर तुकत्रेय न घेणारं मूल अजून जन्माला यायचंय. तेव्हा लोह त्यातच घालायचं. सरकारनं तपासून शाळांना पुरवायचं, कंपनीनं भुकटी द्यायची, पिंपवाल्यांनी माल बनवायचा.

"म्हणजे कागद सरकारचा, भुकटी कंपनीची, आणि मासे आपले," बोरिन म्हणाला होता. "तिघांत वास तेवढा आपल्या अंगाला."

चान्थूला आधी ते सगळं थोतांड वाटलं. "लोखंडच खायचं तर पिंपाचे खिळे चाटा म्हणावं." पण कंपनीनं घेतलेल्या शिकवणीतून मकरानं आणलेली भुकटीची पुडी तिनं एकदा गुपचूप घरच्या भांड्यात टाकून पाहिली. गुठळी झाली आणि तळाला जाऊन बसली. मग मायलेकींनी बसून दुसरी पुडी आधी वाटीभर तुकत्रेयमध्ये घोटली, मऊ झाल्यावर मोठ्या भांड्यात ओतली आणि कितीतरी वेळ ढवळली. वास तोच, चव तीच. "आई, कंपनीच्या माणसाला हे समजवायला अर्धा दिवस लागला होता," मकरा हसत म्हणाली. चान्थूला बरं वाटलं होतं.

सरकारी तपासणीसाठी पहिला नमुना करायच्या दिवशी, म्हणजे फोटोच्याच दिवशी, ती खराटा घेऊन शेडच्या दाराशी आली, तेव्हा आत बोरिन निळ्या ड्रमवर वाकून कोरडी भुकटी थेट आत ओतत होता. दोनचार वेळा त्यानं वल्हं फिरवलं. चान्थूचं तोंड उघडलं. 'अरे, घोटून घे आधी,' एवढंच म्हणायचं होतं.

त्याच वेळी अंगणातून कुन्थियाचं हसू ऐकू आलं. फोटोवाला सांगत होता, "अजून एक, मॅडम. हात पिंपावर ठेवा. असं, मालकिणीसारखं."

बोरिननं मान वर करून बहिणीकडे पाहिलं. चान्थूनं तोंड मिटलं. बोरिननं ड्रमचं झाकण लावलं.

*

पितरांच्या पंधरवड्याचा शेवटचा दिवस होता. प्चुम बेनला सगळे विहारात जमतात. घरात वैर असो नाही तर खटला, त्या दिवशी एका चटईवर बसावंच लागतं. कुन्थिया पांढरा सदरा आणि काळं रेशमी सम्पोत नेसून आली होती. डबे तिनं राजधानीहून आणले होते, चार मजली, चकचकीत. चान्थूच्या जुन्या ॲल्युमिनियमच्या डब्याशेजारी ते ठेवताना कुन्थियाला आत कुठेतरी गोड वाटलं, आणि गोड वाटल्याची लाजही वाटली.

भिक्खूंनी नावं वाचायला सुरुवात केली. दरवर्षीप्रमाणे कागद चान्थूनं दिला होता. सांगितला तिनं, लिहिला मकरानं. आई. दोन मामा. आजी. मग 'सारिन'.

सारिनचं नाव आलं की चान्थू आणि बोरिन एकमेकांकडे बघत. रडत नसत, फक्त बघत. सहा वर्षांचा भाऊ, छावणीत भुकेनं गेलेला. त्या एका नजरेत छावणीची चार वर्षं असायची, आणि त्या चार वर्षांत कुन्थिया नव्हती. ती जन्मलीच नव्हती. तिनं लहानपणी एकदा वडिलांना विचारलं होतं, "सारिन कसा दिसायचा?" वडील म्हणाले होते, "तुला नाही कळायचं, बाळ," आणि उठून चान्थूबरोबर पिंपांकडे गेले होते. चव घ्यायला. ती चवही त्यांनी कुन्थियाला कधी शिकवली नाही. "तू अभ्यास कर," म्हणायचे. लोकांना वाटे किती लाड. कुन्थियाला वाटे, खोलीत सगळे बसलेत आणि आपल्याला खाऊ देऊन बाहेर खेळायला पाठवलंय.

तिनं हात जोडले आणि ज्यांना कधी पाहिलं नाही अशांसाठी डोळे मिटले. शेजारी बोरिननं चान्थूच्या गुडघ्यावर हात ठेवला. माझ्याकडे नोकरी करतो, कुन्थियाच्या मनात आलं, आणि हात तिच्या गुडघ्यावर.

*

जेवण चान्थूच्या घरी होतं. केळीच्या पानात बांधून उकडलेले भाताचे नोम अन्सोम, चिंचेचं आंबट कालवण, तळलेली मासळी. बोरिनची बायको फाल्ला वाढत होती आणि वाढता वाढता कुन्थियाच्या पानात मोठे तुकडे टाकत होती, कारण नवरा शेडमध्ये मुकादम होता.

"घ्या ना, फोटोत किती बारीक दिसत होतात," फाल्ला म्हणाली.

"फोटो चांगला आलाय," कुन्थिया म्हणाली. "पण त्या कन्येचं मी नव्हतं सांगितलं. त्यांनीच लिहिलं."

"तू खोडूनही नाही काढलंस," चान्थू म्हणाली.

"वर्तमानपत्र म्हणजे काय फळा आहे, बाँग? खोडायला?" कुन्थिया थोरल्या बहिणीला म्हणाली.

"मला काय ठाऊक. मी शाळेत गेले नाही."

बोरिन मोठ्यानं हसला. कुणीतरी हसायला हवं होतं म्हणून. तेवढ्यात मकरा म्हणाली, "मिंग, मला एक सांगायचंय. जेवण होईपर्यंत थांबणार होते, पण घास उतरत नाही." तिनं मावशीकडे पाहिलं, मग सगळ्यांकडे. "नमुना नापास झालाय."

मकरा पुढे सांगत गेली.

"ड्रमच्या वरच्या बाटल्यांत लोह नावालासुद्धा नाही. तळाच्या बाटल्यांत हवं त्याच्या चौपट. म्हणजे एका मुलाला काहीच नाही आणि दुसऱ्याला उलट्या होईस्तोवर. बाकीच्या तिन्ही जिल्ह्यांतले कारखाने पास झाले. समिती म्हणतेय, आपल्या जिल्ह्याला यंदा वगळायचं. पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षी!" कुन्थियाचा चेहरा पडला. "मी बाटल्या मागवून ठेवल्यात. शेजारच्या अकरा घरांचा माल सांगून ठेवलाय. वगळायचं म्हणजे?"

"म्हणजे शाळांना साधंच तुकत्रेय जाणार. जसं आजवर जातंय."

 कुन्थियाची मान सावकाश चान्थूकडे वळली. "बाँग, माल तुझ्या पिंपांचा होता. खरं सांग, दुसऱ्या धारेचं पातळ पाणी मिसळलं होतंस का?"

चान्थूनं हातातला घास पानात ठेवला. "काय म्हणालीस?"

"विचारतेय फक्त."

"पहिल्या धारेचा माल होता तो. बाबांच्या हातचं पहिलं पिंप. माझ्या पिंपाला नावं ठेवायच्या आधी त्याची चव घेऊन बघ. अगं हो, तुला चव कुठे कळते."

"घरात भांडू नका गं, आजच्या दिवशी तरी," बोरिन म्हणाला.

"तू बोलू नकोस!" कुन्थिया त्याच्यावर उलटली. "भुकटी तू घातलीस. कशी घातलीस? शिकवणीला दोन दिवस पाठवलं होतं तुला. काय केलंस तिथे, झोपलास?"

फाल्लाच्या हातातली पळी थांबली. "त्यांना कशाला बोलता? त्यांनी विचारलं होतं तुम्हाला, माझ्यासमोर विचारलं. तुम्ही काय म्हणालात? 'घाल रे पटकन, साहेब थांबलेत.' तोंडाला पावडर लावून तुम्ही उभ्या होतात. सगळ्या गावानं पाहिलं कुणाचं तोंड चमकत होतं ते." आणि तिनं वाडगा कुन्थियाच्या पुढून उचलून चान्थूच्या पुढे ठेवला.

बोरिनला घाम फुटला होता. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस, आयुष्यभर दोन बहिणींच्या मधे बसलेला. एकीनं छावणीत स्वतःच्या वाटीतली पेज त्याला पाजून जगवलं होतं, दुसरी त्याच्या मुलांची फी भरत होती. एकीकडे वळलं की दुसरीची पाठ दिसे. त्याला आत्ता फक्त सुटायचं होतं, आणि कुणाला बुडवायचं नव्हतं. म्हणून जे त्याला खरोखर वाटत होतं तेच तो बोलून गेला.

"मी चुकीचं घातलं असतं तर बाँग बोलली नसती का? ती दारातच उभी होती. मी भुकटी ओतताना बघत होती. ती काही म्हणाली नाही, म्हणून मला वाटलं बरोबरच असेल."

बोलून झाल्यावर त्याला कळलं की आपण काय बोललो.

मकरा आईकडे बघत होती. "आई?"

चान्थू केळीच्या पानाची दोरी बोटाला गुंडाळत होती.

"आई, आपण घरी करून बघितलं होतं. तुझी पहिली पुडी अशीच तळाला बसली होती. तुला माहीत होतं."

खोटं बोलणं सोपं होतं. 'नीट दिसलं नाही,' म्हटलं असतं तर बोरिननंच मान डोलावली असती.

"हो," चान्थू म्हणाली.

"मग?"

"फोटो काढत होते."

एवढंच तिच्या तोंडून निघालं, आणि निघाल्यावर ते इतकं लहान, इतकं पोरकट वाटलं की फाल्लानंही खाली पाहिलं.

मकरा उठली. ती ओरडली नाही; ओरडली असती तर बरं झालं असतं. "आज पहाटे तू सारिनमामासाठी भाताचे गोळे वाहिलेस. तो मेलाय, म्हणून त्याची भूक तुला दिसते. माझ्या शाळांतली पोरं अजून जिवंत आहेत. म्हणून त्यांचा नंबर लागला नाही का?"

तिनं दारातल्या चपला घातल्या आणि मोटरसायकल काढून ती निघून गेली. पानात अर्धा नोम अन्सोम तसाच राहिला.

*

चान्थू पिंपांपाशी जाऊन बसली. ऊन कलत होतं, खाडीवरून मिठागरांचा वारा येत होता. तिला वाटलं होतं की रडू येईल. आलं नाही. मनात एकच गोष्ट फिरत होती, आणि ती लाजिरवाणी होती: मुलगी गेली ती कुणाकडे गेली असेल? कुन्थियाच्या वरच्या खोलीवर तर नाही ना? मकरा लहानपणी आजारी पडली की मिंगला बोलवा म्हणायची. मिंगसारखं शिकेन म्हणायची. मिंगनं दिलेलं घड्याळ झोपतानाही काढायची नाही. फोटो तर आत्ताचा. ही जळजळ किती जुनी होती.

मागून पावलं वाजली. कुन्थिया होती. सम्पोत गुडघ्यापर्यंत खोचून ती पिंपाच्या दगडी जोत्यावर बसली. रेशमाला मिठाचे डाग पडतील याची पर्वा न करता.

"शिव्या द्यायला आलीस तर दे," चान्थू म्हणाली.

"आले होते त्याचसाठी. आता आठवत नाहीत." तिनं पिंपाच्या कडीवरून बोट फिरवलं. "मी बाटलीवर माझं नाव का घातलं माहितीय?"

"तुझी शेड, तुझं नाव."

"त्याआधी बाबांचं घालणार होते. मग वाटलं, बाबांचं घातलं तर ते तुझंच होणार. बाबा म्हटलं की लोक तुझ्याकडे बघतात. विहारात नावं वाचतात तेव्हा तू आणि बोरिन एकमेकांकडे बघता. मी तिथं असते, पण मला कुणी बघत नाही. त्या घरात तुम्ही मला कधी घेतलंच नाहीत."

"ते घर नव्हतं गं. भूक होती नुसती."

"तुमची तरी एकत्र होती."

चान्थूनं तिच्याकडे पाहिलं. "वेडी आहेस का? उपासमारीचा हेवा करतेस?"

"तू शाळेचा करतेस ना?"

"करते," चान्थू म्हणाली. "अजून करते. परवा मकरानं तो फोटोखालचा मजकूर वाचून दाखवला, तेव्हा मला त्या मजकुरापेक्षा जास्त राग याचा आला की तुला तो स्वतःला वाचता येतो."

कुन्थिया हसली, आणि हसता हसता तिचा आवाज फाटला. चान्थूनं तिला जवळ घेतलं नाही. त्यांच्यात तशी सवय नव्हती. तिनं फक्त खांद्यावरचा चौकड्यांचा पंचा काढून बहिणीच्या मांडीखाली सरकवला, रेशीम खराब होऊ नये म्हणून.

"सारिनला जास्वंद खायची सवय होती," थोड्या वेळानं चान्थू म्हणाली. "छावणीच्या कुंपणाला होती. लाल तोंड करून यायचा. आम्ही हसायचो. त्या दिवसांतही हसायचो."

 कुन्थिया ऐकत राहिली, आणि चान्थू सांगत राहिली, घरातली माणसं बोलवायला येईपर्यंत.

*

सण संपून कार्यालयं उघडली त्या सकाळी चान्थू बोरिनच्या मागे बसून आरोग्य कार्यालयात गेली. मकरा तिथे होती. पंधरवडा संपल्यापासून ती मैत्रिणीच्या खोलीवर राहत होती, कुन्थियाकडे नव्हे. तिनं आईला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि इतरांशी बोलावं तसं बोलली.

समितीच्या बाई पन्नाशीच्या होत्या, चष्मा साखळीला लावलेला. त्यांच्यापुढे छापील अर्ज होता.

"नमुना का बिघडला ते लेखी द्यावं लागेल, तर फेरतपासणीचा विचार होईल," त्या म्हणाल्या. "कारणाचे तीन रकाने आहेत. यंत्राचा दोष, कच्च्या मालाचा दोष, माणसाचा दोष."

"माणसाचा," चान्थू म्हणाली.

"शिकवणी अपुरी पडली असं लिहू?"

"नाही. शिकवणी पुरेशी होती. मला येत होतं. भावाची चूक होताना मी पाहिली आणि गप्प बसले. बहिणीचं नाव होत होतं, ते मला बघवलं नाही."

बाईंनी पेन थांबवलं. त्यांनी चष्म्यावरून चान्थूकडे पाहिलं, मग दाराशी उभ्या असलेल्या कुन्थियाकडे. ती कधी आली होती कुणाला कळलं नव्हतं.

"हे असंच लिहायचं?"

"असंच. आणि मला एकदा वाचून दाखवा."

"माझंही लिहा," कुन्थिया पुढे येत म्हणाली. "शेडची मालकीण नमुना होताना हजर नव्हती. ती फोटो काढून घेत होती."

बाईंनी लिहिलं. वाचून दाखवलं ते मकरानं. तिचा आवाज सरळ, कोरडा होता. फक्त 'ते मला बघवलं नाही' या वाक्याशी ती एकदा अडखळली. चान्थूनं अंगठा उमटवला.

समितीनं दहा दिवसांची मुदत दिली, एका अटीवर: भुकटी मिसळताना चान्थूनं स्वतः उभं राहायचं, आणि अकराही घरांच्या माणसांना शिकवायचं. ते दहा दिवस शेडमध्ये नुसता आरडाओरडा होता. चान्थू कुणाचंच ऐकत नसे. "घोट अजून. अजून. हाताला खडा लागतोय का बघ." कुन्थियाला तिनं सगळ्यांसमोर तीनदा ढवळायला लावलं आणि तिन्ही वेळा नापास केलं. चौथ्यांदा कुन्थियानं वल्हं आपटलं. "मुद्दाम करतेयस!" "थोडंसं," चान्थू म्हणाली. फाल्ला कोणाच्या बाजूनं बोलावं या विचारात दोघींना चहा देत राहिली.

दुसरा नमुना पास झाला. वरची बाटली आणि तळाची बाटली सारखी निघाली. बाटलीवर नाव 'कुन्थिया'च राहिलं. कुन्थियानं बदलायचं म्हटलं होतं, चान्थू नको म्हणाली, आणि नको म्हटल्याचा तिला चार महिने पस्तावा होत राहिला. प्रत्येक बाटली हातात आली की आत काहीतरी टोचायचं. ते गेलं नाही. तिनं फक्त ते असतं हे धरून चालायला सुरुवात केली. मकरा रविवारी घरी येऊ लागली, जेवून संध्याकाळी परत जायची. हसायची. पण पूर्वीसारखी स्वयंपाकघरात येऊन आईच्या पाठीला टेकून उभी राहायची नाही.

सुगीनंतर एका सकाळी बोरिनला ताप होता, म्हणून बाटल्यांच्या खोक्यांबरोबर चान्थूच शाळेत गेली. भाताच्या घमेल्याभोवती पोरांची झुंबड होती, आणि पलीकडे आंब्याखाली टेबल मांडून मकरा मुलांची बोटं टोचत होती. एक थेंब पट्टीवर, पट्टी छोट्या यंत्रात, आकडा वहीत. एक चिमुरडी रडायला लागली होती आणि रांग पुढे सरकत नव्हती.

चान्थूनं खोकं खाली ठेवलं. ती जाऊन त्या चिमुरडीच्या पुढे रांगेत उभी राहिली. "बघ हं, मी आधी. मी रडते का बघ."

पोरं हसली. मकरानं मान वर केली. आईचा मिठानं भेगाळलेला हात टेबलावर होता. क्षणभर तिनं तो नुसता पाहिला, मग मनगटाशी धरला. कितीतरी महिन्यांत तिनं तो धरला नव्हता.

"थोडं दुखेल," मकरा म्हणाली.

"दुखू दे."

सुई टोचली. रक्त पटकन येईना. मकराला बोट दाबावं लागलं, मुळापासून टोकाकडे, पुन्हा पुन्हा. मग एक थेंब आला, फिकट. यंत्र थोडा वेळ गप्प राहिलं. आकडा दिसला तशी मकराची भुवई आकसली. तिनं दुसरी पट्टी घेऊन पुन्हा पाहिलं. आकडा तोच.

"किती आहे?" चान्थूनं विचारलं. "मला कळेल असं सांग."

"आई, तुझं या सगळ्या पोरांपेक्षा कमी आहे." तिचा आवाज आता सरकारी राहिला नव्हता. "चक्कर येत असेल तुला. दम लागत असेल. कधीपासून?"

"असतं तसंच. मला वाटलं, सगळ्यांनाच असतं."

मकरानं आईचं बोट कापसात धरून ठेवलं. रक्त केव्हाच थांबलं होतं तरी. मग ती रांगेतल्या पोरांना म्हणाली, "जरा थांबा रे," आणि उठली. घमेल्यापाशी जाऊन तिनं एका थाळीत भात घेतला, वर मासळीचा तुकडा ठेवला, नवी बाटली फोडून भातावर धार धरली. थाळी आणून तिनं टेबलावर, वहीच्या शेजारी ठेवली.

"बस. खाऊन घे. माझ्यासमोर."

चान्थू बसली. पोरं टकामका बघत होती, एवढी मोठी बाई आपल्या शाळेचा भात कशी खाते ते. तिनं पहिला घास घेतला आणि जिभेवर घोळवला. मकरानं पुढच्या मुलीचा हात हातात घेतला, पण तिची नजर आईच्या थाळीवरून हलली नाही, शेवटचं शीत संपेपर्यंत.